तांब्याचा पक्षी आणि इबूचा आवाज

मित्रांनो, मी तांब्याचा एक जुना ठसा आहे. पेकालोंगान गावात कालव्याकाठी बाटिकचा, म्हणजे मेणाची नक्षी उमटवून कापड रंगवण्याचा, एक कारखाना आहे, तिथल्या भिंतीवर तिसऱ्या फळीवर माझा मुक्काम. कारखाना म्हटलं म्हणून यंत्रांची धडधड डोळ्यांपुढे आणू नका. चार लांब टेबलं, मेणाच्या दोन कढया, रंगाची टाकी आणि आम्ही तीनशे बारा ठसे, एवढाच संसार. मेणाचा धूर दिवसभर छताखाली तरंगतो आणि आम्ही त्यात अर्धवट झोपेत असतो. त्यामुळे घडलेलं किती आणि स्वप्नात पाहिलेलं किती, हे मला नेहमी नीट सांगता येत नाही. तरी सांगतो.

माझ्या अंगावर एक पक्षी आहे. तांब्याच्या बारीक पट्ट्या वाकवून, एकेक पीस उभं करून कारागिराने मला बावीस दिवसांत घडवलं. चोच बसवताना त्याने श्वास रोखून धरला होता. त्याच वर्षी या घरात वारसिती नावाची नवी सून आली. पुढे तीच मालकीण झाली. सगळे तिला इबू म्हणतात, म्हणजे आई. मीही मनातल्या मनात इबूच म्हणतो.

ठसे मारायचं काम रसिदीकाकांचं. ते मला गरम मेणात टेकवत आणि कापडावर दाबत. थप्प आवाज होई आणि कापडावर मेणाचा पक्षी बसे. कापड रंगवून उकळलं की मेण सुटून जाई आणि पांढरा पक्षी मागे राही. एकेका कापडावर मी दीडशे वेळा उडत असे. बायका ती कापडं नेसून लग्नांना जात. मी स्वतः एकही लग्न पाहिलेलं नाही, पण दीडशे जागी बसून आलोय असं मला आपलं वाटत राहतं.

आमच्यापैकी कोण कुठे आहे, कोणाबरोबर कोण शोभतो, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. सगळं इबूच्या डोक्यात. रसिदीकाका ओरडत, "इबू, वेलीचा काठ कुठाय?" ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता सांगे, "दुसरी फळी, कोंबड्याच्या मागे. डोळे दिलेत ना देवाने?" आणि काठाचा ठसा कोंबड्याच्या ठशामागे, तिथेच असे.

मग एके वर्षी कोंबड्याच्या मागे काठ नव्हता. इबू म्हणाली, "असेल कुठेतरी." हे वाक्य तिच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. आठवडाभराने तिने रसिदीकाकांना त्यांच्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारली. काकांनी मुकाट्याने ओ दिली.

इबूचा मुलगा हर्यो सरळ बोलणारा माणूस. तो बायकोला म्हणाला, "निंग्रुम, आईचं डोकं म्हणजेच हा कारखाना. ते गेलं की हे सगळं नुसतं तांबं. आताच मोडीत काढू आणि छापील कापड आणून विकू."

मोड म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. शेजारच्या कारखान्यातले ठसे पोत्यात भरून भट्टीवर गेले होते.

निंग्रुम म्हणाली, "मला एक वर्ष द्या. गिऱ्हाईक आता दारात येत नाही, फोनमध्ये येतं. आपणही जाऊ की तिथे."

तिच्याजवळ मोठा कॅमेरा नव्हता, साधा फोन होता, तोही कोपऱ्यात तडकलेला. तिने आम्हांला पुसलं, गळ्यात नंबर बांधले आणि एकेकाला उजेडात धरून फोटो काढले, ते फोनवरून गिऱ्हाइकांना दाखवले. माझा नंबर सतरा. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं तोंड इतकं निरखून पाहिलं. मी लाजलो, खरं सांगतो.

महिन्याभरात सतरा नंबरला मागणी आली. सालातिगा गावातल्या एका शाळेच्या शिक्षिकांना एकसारखी चाळीस कापडं हवी होती. शाळेच्या फाटकावर उजवीकडे उडणारा पक्षी आहे, अगदी तुमच्या फोटोतल्यासारखा, असं तिथल्या मुख्य बाईंनी कळवलं. आम्ही जीव ओतून काम केलं. दहाव्या दिवशी गठ्ठा परत आला आणि पाठोपाठ बाईंचा फोन. "अहो, तुमचा पक्षी डावीकडे उडतोय! आमच्या शिक्षिका ते नेसून फाटकापाशी उभ्या राहिल्या की तो शाळा सोडून पळाल्यासारखा दिसतो."

चूक आमच्या सगळ्यांची होती. ठसा नेहमी उलटा असतो. उजवीकडे तोंड असलेला ठसा कापडावर डावीकडे उमटतो. पण या घरात ठशाकडे पाहून ठसा कुणाला दिसतच नाही, थेट कापडच दिसतं. चाळीस वर्षांच्या सवयीने डोळेच तसे झालेत. फोटो मात्र जे समोर असेल तेच दाखवतो. बाईंनी बिचाऱ्यांनी फोटोवर विश्वास ठेवला.

"झालं तुझं फोनपुराण?" हर्यो म्हणाला. "उद्या मोडीसाठी तराजू मागवतो."

निंग्रुम मला मांडीवर घेऊन रडली. इबू शेजारी चहा पीत होती. तिने मला उचललं, चोचीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "रडतेस काय? याची जोडीदारीण मार ना. कापडाच्या मागच्या बाजूसाठी केली होती. तिचं तोंड उलट आहे."

"कुठे आहे ती, इबू?"

"मेणाच्या चुलीचा पाय डगमगत होता, त्याखाली दिलीय." मग चहाचा घोट घेऊन म्हणाली, "तात्पुरती हं."

चूल सरकवली. काजळीखाली ती होती. तात्पुरती म्हणून अकरा वर्षं! रसिदीकाकांनी तिला चिंचेच्या पाण्याने घासलं, आणि तिने उमटवलेला पक्षी उजवीकडे उडाला. चाळीस कापडं नव्याने गेली आणि यावेळी परत आली नाहीत. तराजूचं नाव हर्योने पुन्हा काढलं नाही.

निंग्रुमला त्या दिवशी एक गोष्ट कळली. फोटोत फक्त तांबं आलं होतं, इबू राहून गेली होती. मग तिने पहिल्यापासून सुरुवात केली, पण सावकाश. सकाळचा चहा झाला की इबूचं डोकं तासभर स्वच्छ असे. तेवढ्या वेळात रोज चार ठसे. काका पांढऱ्या कापडावर ठसा उमटवत, निंग्रुम त्या कापडाचा फोटो घेई आणि इबू फोनपुढे बोले. माझ्याविषयी ती म्हणाली, "हा पक्षी. चोच नाजूक आहे, मेणात दोनदा बुडवू नका, जाड होते. घाई चालत नाही याला. माझ्यासारखाच आहे, हट्टी."

एवढं कौतुक मला पुन्हा लाभलं नाही.

पण स्वच्छ तास आखडत गेला. आधी अर्धा झाला, मग चहा संपेपर्यंतही टिकेना. दोनशे चौऱ्याण्णव ठशांची गोष्ट फोनमध्ये गेली, अठरांची राहिली. ते अठरा शेवटच्या फळीवर आहेत. त्यांच्याकडे पाहिलं की मला वाईट वाटतं. त्यांचा काहीच दोष नव्हता, फक्त त्यांची पाळी यायची होती.

मित्रांनो, तुमच्या दुकानात, कारखान्यातही सगळं डोक्यात ठेवणारं कुणीतरी असेल. सगळी तयारी होऊ दे, मग बघू, असं म्हणू नका. साध्या फोनवर, चार ठशांपासून सुरुवात करा. पण नुसती वस्तू टिपू नका, त्या माणसाला बोलतं करा. आजच.

परवाची गोष्ट सांगतो. इबू हल्ली टेबलापाशी नुसती बसून असते. काकांनी मला मेणात बुडवलं आणि खात्री करायला फोनमधली माझी गोष्ट लावली. आवाज आला, "चोच नाजूक आहे, मेणात दोनदा बुडवू नका."

इबूने कान टवकारले. सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि सुनेला जवळ बोलावून हळूच म्हणाली, "ही बाई कोण गं? कामाची जाणकार दिसते. हिला सोडू नकोस, कामावर ठेवून घे."

निंग्रुमने तिचा हात हातात घेतला. "ठेवलंय, इबू," ती म्हणाली. "कायमचं."