दगडाखालची दरज

पस्तीस वर्षं विटा रचतोय, पण माझा टापटिपीचा सोस काही जात नाही. त्या सोसानंच घात केला. माझा कसला, आल्टयेबाईंचा केला.

आमच्या या थंड मुलखात घराला दोन भिंती असतात, एक आतली, एक बाहेरची. मधे वीतभर पोकळी आणि दोन्हींना धरून ठेवायला लोखंडी तारा. बाईंच्या घरातल्या तारा पार गंजल्या होत्या. त्यात जमिनीखालचा गॅस उपसायला लागल्यापासून गाव अधूनमधून हादरतं. बाहेरची भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली होती. ती उतरवायची आणि नवी बांधायची, एवढंच माझं नि माझा जोडीदार गवंडी सेबोचं काम.

"बाकी काय करायचं ते करा," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. "पण वीप्केचा दगड जसा आहे तसा राहू दे, एप्पो."

घर बांधताना पहिला दगड घरातल्या पोरानं बसवायचा, ही आमची रीत. दाराशेजारच्या त्या दगडावर कोरलं होतं: वीप्के, वय चार, १९७१. दोन वर्षांनी कालव्यावरचा बर्फ फुटला आणि बाईंची पोर खाली गेली. गावात सगळ्यांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. आता तर बाईंचा नवरा क्लासही राहिला नाही.

"डोळ्यांत तेल घालून काढतो, बाई," मी म्हणालो.

दोन तास छिन्नी चालवली. एवढीशी छिन्नी, हळूहळू टकटक.

"अरे, दगड काढतोयस का दात?" सेबो वरून ओरडला.

"तू तुझं बघ!"

दगड निघाला. एक टवकासुद्धा उडाला नाही. खालच्या कडेला जुन्या सिमेंट-चुन्याच्या मालाचा जाड थर चिकटलेला होता आणि त्यात तीन खड्डे. हिवाळ्यातल्या बर्फानं माल खाल्ला असेल, मला वाटलं. कुणा गबाळ्यानं दगडाखालची ही फट, ही दरज, भरली होती कुणास ठाऊक! सगळा माल उडवला, तारेच्या ब्रशनं घासला, पाण्यानं धुतला. दगड असा लख्ख झाला की सेबोसुद्धा म्हणाला, "वा रे पठ्ठ्या!"

सोमवारी तो घोंगडीत गुंडाळून स्वयंपाकघरात नेला. मोठ्या ऐटीत टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा लावला. नावाकडे पाहिलंच नाही. हात थेट खालच्या कडेला गेला. एकदा फिरवला, पुन्हा फिरवला.

"इथली बोटं कुठायत?"

"कसली बोटं?"

"क्लासनं तिला ओल्या मालात बोटं दाबू दिली होती. तीन. दारातलं दूध आत घेताना रोज मी तिथं..."

कचरा नेणाऱ्याला फोन केला. राडारोड्याची गाडी शुक्रवारीच गेली होती. "त्याचा चुरा झाला की!" पलीकडचा माणूस हसत म्हणाला. "एव्हाना कुठल्यातरी रस्त्याखाली असेल." मी फोन ठेवला.

बाईंनी माझ्यापुढे कॉफी ठेवली. "तुला काय माहीत? मीच नीट सांगायला हवं होतं."

चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

गुरुवारी भिंत गुडघ्याएवढी आली. दगड बसवला, ओळंबा लावला, खालची दरज ओल्या मालानं भरली आणि बाईंना हाक मारली. रात्रभर विचार करून एवढंच सुचलं होतं.

"बाई, आता तुम्ही दाबा बोटं. निदान तुमची तरी राहू देत."

बाई माझ्या खांद्याचा आधार घेऊन वाकल्या. हात दरजेजवळ नेला. सांधे सुजलेली ती बोटं त्या बघत राहिल्या.

"माझी फार मोठी आहेत रे," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माल सुकत चालला होता. मी थापी घेतली आणि दरज सपाट केली.