तळ्याकाठचं औक्षण

कोजागरीला आई थोरल्या अपत्याला ओवाळते. आमच्या घरी ते अपत्य म्हणजे यशदादा. मी धाकटी. पाटाशेजारी बसून त्याच्या कपाळावरच्या अक्षता कधी गळतात ते बघत असायची. दादा फेब्रुवारीत पुण्यात गेला, हार्ट अटॅकने. शरदात आई आमच्याकडे आयर्लंडला, मेनूथला आली. तो गेल्यापासून तिने त्याचं नाव एकदाही घेतलं नव्हतं.

आता उरलेली मी. तिने मला त्याच्या जागी बसवू नये, एवढंच मला हवं होतं. म्हणून नेमकी कोजागरीच्या दिवशी मी उत्तरेकडच्या कॅव्हनची सहल काढली. तळं, जंगल, परतायला उशीर. विषय आपोआप टळला असता.

आई तिथे रमली, हे मला अपेक्षित नव्हतं. बीच वृक्षांची पानं तांबूस झाली होती, लार्च पिवळे पडू लागले होते. सूचिपर्णी असूनही लार्चची पानं दरवर्षी झडतात, असं मी तिला सांगितलं.

“याला कुणी सांगितलं नाही वाटतं, तू झडायचं नाहीस म्हणून,” आई म्हणाली आणि पुढे चालू लागली. माझ्या मुलीने, मुक्ताने, गोळा केलेल्या हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी बिया तिने स्वेटरच्या खिशात भरल्या.

“आजी, दे आर कॉन्कर्स! यू कान्ट ईट दोज!”

“खात नाहीये गं बाई. तुझी आजी काय खार आहे?”

नाववाल्याने आईच्या लाइफ जॅकेटचा पट्टा आवळून दिला. “ग्रँड,” तो म्हणाला. “हाउ मेनी चिल्ड्रन हॅव यू, मिसेस?”

“टू,” आई म्हणाली.

“अँड शी इज द एल्डेस्ट?”

“नो, नो. सेकंड.”

मला हायसं वाटलं. माझ्या नवऱ्याने, जयेशने, वल्ही घेतली आणि नाव गोल गोल फिरायला लागली.

“जयेशराव, नुसतं पलीकडे जायचंय,” आई म्हणाली, “प्रदक्षिणा नाही घालायची.”

तीही हसली, आम्हीही हसलो.

उन्हं उतरली तेव्हा काठावरच्या लाकडी टेबलावर आम्ही थर्मासमधला चहा घेतला. कप बाजूला सारून आईने पर्समधून निरांजन काढलं. तुपात भिजवलेली फुलवात, कुंकवाची डबी, अक्षता, सुपारी. खाऊच्या डब्याच्या झाकणाचं तबक झालं.

“आधी तू मुक्ताला ओवाळ. तुझी थोरली ती.”

मी ओवाळलं. मुक्ता गंभीर चेहऱ्याने बसली होती. मग तिने विचारलं, “नाउ हू डज मॅमी?”

“मी थोरली नाही, मुक्ता.”

“बट यशमामा डाइड. सो इट्स यू.”

“मुक्ता!” जयेश म्हणाला.

आईने कुंकवाची डबी पुन्हा उघडली.

“खरंच बोलतेय ती,” ती म्हणाली. “ये, बस. पूर्वेला तोंड कर.”

सूर्य तळ्यापलीकडे टेकला होता. त्याच्याकडे पाठ करून मी बसले. कुंकू लावताना आईचं बोट गार लागलं. तळ्यावरून वारा आला आणि वात विझली. तिने पुन्हा लावली, पुन्हा विझली. तिने पुन्हा लायटर पेटवला.

जयेश उठायला लागला, पण त्याच्या आधी मीच पुढे सरले आणि ज्योतीभोवती दोन्ही हातांचा आडोसा केला. या वेळी ती टिकली. जे टाळायला मी एवढ्या लांब आले होते, तेच आता माझ्या ओंजळीत तेवत होतं.

“हलू नकोस,” आई म्हणाली. “यशही असाच हलायचा. पाटावर एक मिनिट स्वस्थ बसेल तर शपथ.”

ते बोलून ती थांबली. तबक तिने हातात धरलं होतं, पण ते उचललं गेलं नाही. ती रडत होती, आवाज न करता, खिशातल्या बिया दुसऱ्या हाताने घट्ट धरून. मुक्ता तिला जाऊन चिकटली.

ओवाळायचं राहूनच गेलं. तूप संपेपर्यंत मी हात काढले नाहीत.