समोरच्याचं म्हणणं

"यादीतून पोरीचं नाव काढा," वडील दारातूनच म्हणाले. "आत्ता. माझ्यासमोर."

आंतरशालेय वादस्पर्धेला दोन दिवस उरले होते, आणि विज्ञानाच्या बाईंच्या संघात न अडखळता बोलणारी ती एकटीच. बाकांवरची मुलं दाराकडे वळली. मुलगी फळ्यापाशी उभी राहिली. मागे पृथ्वीच्या तापमानाचा आलेख, शतकाच्या शेवटापर्यंत ओढलेला.

"बावीस वर्षं कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळतोय मी. त्याच कोळशावर ही शिकते, आणि जेवताना मलाच ऐकवते, तुम्ही जग तापवलंत म्हणून."

"काढते नाव," बाई म्हणाल्या. "पण इथे एक नियम आहे. मुद्दा खोडण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपण सांगायचं. तो 'हो, हेच' म्हणाला, तरच पुढे."

एकोणीस वर्षं त्या हे शिकवत होत्या. पालकाला हा नियम लावायची वेळ कधी आली नव्हती.

मुलीनेच सुरुवात केली. "बाबा म्हणतात, शास्त्रज्ञांनाच नक्की ठाऊक नाही. कोणी अडीच अंश म्हणतं, कोणी साडेतीन. अशा अंदाजावर चालतं केंद्र बंद करू नये."

"आणि घर?" वडिलांनी विचारलं.

"आणि मग घर कसं चालणार, ते शास्त्रज्ञ सांगत नाहीत."

"हो. हेच."

"आता तुम्ही," बाई म्हणाल्या.

"मी काय शाळकरी आहे?" मागे कोणीतरी फिसकन हसलं. वडील मुलीकडे वळले. "तुझं म्हणणं, जग बुडणार."

"असं कुठे म्हटलं मी? कोळसा असाच जाळला तर किती तापेल, यात शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. तापेल की नाही, यात नाही."

वडिलांनी आलेखाकडे बराच वेळ पाहिलं.

"तुझं म्हणणं, आकडा मागेपुढे होईल, पण रेघ वरच जाणार. कोळसा थांबेपर्यंत." त्यांनी रेघेवरून नजर काढली. "म्हणजे माझा बॉयलर विझायला हवा."

मुलीने बाईंकडे पाहिलं. पुरे, राहू दे, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं. पण नियम त्यांचाच होता.

"हो," मुलगी म्हणाली. "हेच."

"आता उत्तर मी द्यायचं ना?"

"तुम्हीच," बाई म्हणाल्या.

वडील पुढच्या बाकावर बसले. बाक लहान होता. गुडघे फळीला टेकले.

"नाव राहू द्या," ते म्हणाले. "मला जरा वेळ लागेल."

बाईंनी बाकीच्या मुलांना खुणेनेच घरी पाठवलं. मुलगी आली आणि वडिलांशेजारी, बाकाच्या उरलेल्या कडेवर बसली.