दहावं स्टेशन

शिशाची ती गोळी शुभदाच्या तळहातात तापली होती. बोराएवढी, मधोमध भोक, आणि भोकापाशी दातांची खूण – दोरीची गाठ ओढताना विश्वेश ती दातांत धरायचा, दर वेळी, आणि दर वेळी ती म्हणायची की शिसं पोटात जाणं बरं नव्हे, आणि दर वेळी तो ऐकलंच नाही असं दाखवायचा. गेल्या वर्षापासून तिने म्हणणं सोडून दिलं होतं. चावू दे. नवऱ्याच्या पोटात काय जातं याची काळजी एकोणीस वर्षं केली, आता पोट त्याचं आणि शिसंही त्याचंच... हे वाक्य मनात पुरं झालं तेव्हा तिला त्याची लाज वाटली नाही, आणि लाज वाटली नाही याचंही काही वाटलं नाही.

समोर देवबागचं टोक संपत होतं आणि खाडी समुद्राला मिळत होती. त्या संगमाच्या मधोमध ओहोटीला वाळूचं एक बेट वर येतं. त्या बेटावर एक निळी छत्री, तार बांधलेला एक लांबच लांब कचकड्याचा खांब, आणि खाली घडीच्या खुर्चीत विश्वेश. सकाळी दत्तारामाच्या होडीत पाय ठेवता ठेवता तो म्हणाला होता, "दोघां कित्याक? सामान भिजात. तू हयच रव. दुसरो सेट आणि बॅटरी सांभाळ. माझो बंद पडलो तर लागतलो." ती "बरा" म्हणाली होती. तोंडाने ती त्याला अहो म्हणायची, तुमी म्हणायची. मनात मात्र तो केव्हाच 'तो' झाला होता.

तिने गोळी दोनदा फिरवली आणि सोडली. दोरी घेऊन ती सुरूच्या उंच फांदीवरून पलीकडे गेली आणि वाळूत धप्पकन पडली. पहिल्याच फेकीला. त्याला चार-पाच वेळा फेकावी लागायची, आणि मग हिने फेकली की तो म्हणायचा, वाऱ्यान गेली. आज वारा नव्हता. तिने दोरीला एरियलची तार बांधली, वर ओढली, दुसऱ्या रेडिओ सेटला जोडली आणि आवाज अगदी बारीक ठेवला. त्याने सेट सांभाळायला सांगितला होता, लावायला नव्हे.

त्याचा आवाज लगेच आला. तो खास आवाज – परक्यांसाठी राखून ठेवलेला, इस्त्री केलेला. थँक्यू सर. आपल्याकडे हवामान कसं आहे सर. आपलं नाव पुन्हा एकदा सांगाल का... केरळातल्या कुणा निवृत्त माणसाची तो गुडघ्याच्या ऑपरेशनसकट चौकशी करत होता, आणि घरी हिचा दात काढला त्या दिवशी संध्याकाळी याने विचारलं होतं, आज आमटीत मीठ कमी कशाला?

"आणि किनाऱ्यावर मदतीला माझी एक्सवायएल आहे," तो केरळवाल्याला सांगत होता.

या हौशी रेडिओवाल्यांची ही जुनी रीत. अठरा वर्षांचा पोरगाही इथे 'ओल्ड मॅन', बाई म्हणजे 'यंग लेडी', आणि कुणाची बायको झाली की तीच बाई 'एक्स यंग लेडी'. पंचविसाव्या वर्षी, लग्नाच्या आठवड्यातच, शुभदा अशी माजी झाली होती. तेव्हा हसू आलं होतं. मसुऱ्याला भाईंच्या पडवीत दोघंही मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची लिपी, शिकले – भाई म्हणजे तालुक्यातले सगळ्यात जुने रेडिओवाले, चमच्याने पत्र्याच्या टेबलावर अक्षरं वाजवायचे आणि ओळखा म्हणायचे. विश्वेश घामाघूम व्हायचा. ती पोहे खाता खाता उतरवून घ्यायची. "हिचो हात बरो," भाई म्हणायचे, "तुझो नुसतो आवाज बरो." परीक्षेत तिला त्याच्यापेक्षा जास्त गुण पडले, आणि परतीच्या एसटीत तो खिडकीबाहेर बघत गप्प बसला, आणि मी वेडी, मला वाटलं तो लाजतोय.

तिच्या लायसनचा मुदतवाढीचा फॉर्म तिने भरून त्याच्या हातात दिला होता. "टाकतंय मगे," तो म्हणाला. दोन वर्षांनी तो फॉर्म कपाटाच्या खणात, गॅसच्या पावत्यांखाली सापडला. विसरला असेल – विसरलाच असेल, मुद्दाम करण्याइतकं लक्ष तरी त्याने तिच्याकडे कधी दिलं होतं? लायसन संपलं होतं. मग कधी सेटवर बसायची वेळ आली, तर तिच्या तोंडी त्याचं कॉलसाईन असायचं. प्रत्येक रेडिओवाल्याचं स्वतःचं, जगात दुसऱ्या कुणाचंही नसलेलं असं ते अक्षरांचं नाव. तिला ते नवऱ्याचं वापरावं लागायचं.

आणि ते वादळ. मे महिन्यातलं. तो ओरोसला कचेरीत अडकला होता, माड पडून रस्ते बंद, फोन मेलेले, वीज नाही, आणि शुभदा मालवणात घरी गाडीची बॅटरी उचलून आणून सेटवर बसली होती, दोन रात्री आणि एक अख्खा दिवस. दांडीच्या किनाऱ्यावरची म्हातारी सुखरूप आहे, मुंबईच्या मुलाला कळवा. बाळा रापणकराची होडी देवगडला लागली, बायकोला सांगा. इन्सुलिन हवंय... इन्सुलिन पोचलं. तिच्या आवाजाची अगदी चाळण झाली, तेव्हा तिने बटणाला हात घातला आणि मोर्समध्ये निरोप धाडले. महिन्याभराने एका मंडळाने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, विश्वेश. माईक हातात घेऊन तो म्हणाला, "मिसेसनंही चहापाण्याचं सगळं बघितलं," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तिसऱ्या रांगेत तीही वाजवत होती. घरी आल्यावर तिने एकच विचारलं. तो म्हणाला, "कॉलसाईन माझो ना? मगे नाव कोणाचा येतला?"

बरोबरच होतं. तिथे तिला त्याच्यात खोट काढता आली नव्हती, आणि राग तिथेच मुरला होता.

"वैनी," दत्ताराम होडीच्या काठावर बसून विडी विझवत म्हणाला, "भरती लागली हा. चार वाजता मी साहेबांका हाडूक जातंय. मगे थंय बेट रवाचा नाय."

"तेंका सांगलंय काय?"

"सांगलंय. म्हणतत, दहा होवंदेत. कसले दहा ते माका काय ठावक."

दहा स्टेशनं, म्हणजे दहा ठिकाणचे रेडिओवाले. बेटावरून दहा वेगवेगळ्या स्टेशनांशी बोलणं झालं, दोन्ही बाजूंनी कॉलसाईन आणि आवाजाचा रिपोर्ट पोचला, तरच ते बेट रेडिओवाल्यांच्या यादीत त्याच्या नावावर चढणार. नऊ झाली तर शून्य. या बेटाला अजून कुणाचंच नाव लागलेलं नव्हतं. दिवसातून दोनदा बुडणाऱ्या वाळूला आपलं नाव लावायची याची हौस, आणि त्यासाठी गेला महिनाभर घरात भरतीओहोटीचं कोष्टक फ्रिजवर चिकटवलेलं. तिच्या वाढदिवसाच्या तारखेवर त्याने लाल गोल केला होता. त्या दिवशी ओहोटी चांगली होती. तो दिवस म्हणजे आज.

सव्वातीनला नववं स्टेशन झालं. आणि मग सगळं गप्प झालं.

हळूहळू नाही, एका दमात. सेटमधली ती नेहमीची खसखस, दूरचे आवाज, कुणाची शिट्टी, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं गेलं. शुभदाने सेट तपासला नाही. नववीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईला कळायला हवं ते कळलं. सूर्यावर कुठेतरी भडका उडाला होता, आणि असा भडका उडाला की उन्हात असलेल्या अर्ध्या पृथ्वीवर तास-दीड तास रेडिओवाल्यांना एकमेकांचं ऐकू येत नाही. आता विश्वेशचा आवाज केरळात जाणार नव्हता, कोल्हापुरातही नाही. पाण्यावरून सरळ चालत अर्धा किलोमीटर येईल तेवढाच. म्हणजे हिच्यापर्यंत. साऱ्या जगात त्याला ऐकणारी आता ती एकटी होती, आणि तो हाका मारत होता, पुन्हा पुन्हा, सर, कुणी आहे का सर...

ती घावण्याचा तुकडा नारळाच्या रसात बुडवून खात राहिली. गोड लागला.

फोन वाजला.

"ऐक गो. बँड मेलो हा. नऊ झाले, एक होयो. तू तो दुसरो सेट लाव आणि माका उत्तर दी. भाईंच्या कॉलसाईनान."

"भाईंच्या?"

"मगे कोणाच्या? तुझा लायसन कधीच संपला. भाईंका मी मगे सांगतलंय, ते काय नाय म्हणणत नाय. मोर्समदी दी म्हणजे झाला. ऐकणारो हा कोण?"

"भाईंका कानान ऐकाक येणा नाय, पाच वर्सां झाली," ती म्हणाली.

"ता माका ठावक आसा आणि तुका. पाणी चडता हा, बेगीन कर."

तिने फोन ठेवला. बहिऱ्या म्हाताऱ्याचं नाव. आधी नवऱ्याचं, आता म्हाताऱ्याचं, म्हणजे बाईने बोलावं, पण कुणाच्या तरी तोंडाने. त्याच्या आवाजात कसली लबाडी नव्हती हे जास्त भयंकर होतं. जवळ असलेली वस्तू मागावी तसं त्याने मागितलं होतं. तिला त्या क्षणी त्याचा इतका स्वच्छ तिरस्कार वाटला की डोकं हलकं झालं.

मग तिने घावण्यांचा डबा उचलला. त्याच्या खाली, फडक्यात गुंडाळलेलं, भाईंचं पितळी मोर्सचं बटण होतं. दोन वर्षांपूर्वी तिने वरची परीक्षा दिली होती, कुणालाही न सांगता, आणि नवं लायसन आलं होतं, नवं कॉलसाईन, जुन्याशी एका अक्षराचंही नातं नसलेलं. ते फक्त भाईंना ठाऊक होतं. तिने भाईंचा तळवा बझरच्या खोक्यावर ठेवून आपलं नवं नाव वाजवून दाखवलं होतं, आणि त्यांनी ते हाताने वाचलं होतं आणि आत जाऊन हे बटण आणून दिलं होतं. तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार शाळेत 'जादा तास' असायचे. ती मसुऱ्याच्या वरच्या सड्यावर एकटी जाऊन आंब्यावर तार फेकायची. जपान, रशिया, एकदा एका जहाजावरचा माणूस. दहावीच्या जुन्या पेपरांत या बोलण्यांच्या नोंदींची एक वही होती. त्या वहीत ती कुणाची एक्स नव्हती.

तिने सेटची ताकद कमीत कमीवर आणली. सुरूवरून तार सोडून वाळूत आडवी पसरली, म्हणजे आवाज फार दूरून आल्यासारखा मरतमरत पोचेल. आणि त्याने हाक संपवून श्वास घेतला, तेव्हा आपलं नवं कॉलसाईन वाजवलं. एकदाच. तिचा हात बरा होता.

मग तो आवाज आला, इस्त्री मोडलेला. "स्टेशन कॉलिंग... सर, फार क्षीण आहात, कृपया हळू, पुन्हा एकदा."

तिने हळू वाजवलं, पहिलीतल्या पोराला गिरवायला द्यावं तसं. तो एकेक अक्षर उच्चारत गेला. एक चुकलं, तिने पुन्हा वाजवलं. त्याने सगळं जोडून म्हटलं. तिचं ते अक्षरांचं नाव, पूर्ण – त्याच्या तोंडून – बरोबर. तिने ते मनात पुन्हा एकदा ऐकलं, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही.

"धन्यवाद सर, फार फार धन्यवाद. आपण पाच-नऊ येताय." हे खोटं. ती कशीबशी ऐकू येत होती, पण परक्याला पाच-नऊच द्यायचं, शब्द स्वच्छ आणि आवाज दणदणीत, ही रीत. "आपलं नाव काय सर? आणि माझा आवाज आपल्याला कसा येतोय, कृपया सांगा. मी थांबलोय."

दत्तारामाने होडी पाण्यात ढकलली.

फोन थरथरला. त्याचा निरोप होता: "भाईंचा रवांदे. खरा स्टेशन गावला. तू सामान आवरूक लाग."

शुभदाने तो दोनदा वाचला. पाण्यापलीकडे तो दिसत होता, खुर्चीतून उठलेला, घोट्यांपर्यंत पाण्यात, एक हात कानावर दाबून वाकलेला. कुणाचं तरी इतकं मन लावून ऐकताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. सकाळपासून, नव्हे, कित्येक वर्षं पोटात बसलेला तो राग तिने चाचपून पाहिला, आणि तो तिथे नव्हता. त्याच्या जागी काहीतरी थंड आणि मोकळं होतं. ते बरं की वाईट हे तिला कळेना. तिला फक्त एवढं कळलं की रिपोर्ट खरा द्यायचा, रीत म्हणून नव्हे.

पहिला आकडा, शब्द किती कळतात याचा. तो पाच. त्यात काही संशय नव्हता. एकोणीस वर्षं त्याचा शब्द न् शब्द तिला कळत आला होता. तिने पाच टिंबं वाजवली, मोर्समधला पाच. दुसरा आकडा, आवाज किती जोराचा... एक ते नऊ. तो पोचल्याशिवाय दहावं पुरं होत नव्हतं. तिने हात बटणावर तसाच ठेवला.

"पहिला आकडा मिळाला सर," तो म्हणाला, "दुसऱ्याची वाट बघतोय."

होडी निम्म्या खाडीत पोचली होती. पाणी खुर्चीच्या बैठकीला टेकत आलं होतं. ती विचार करत होती, खरोखरच विचार करत होती, आणि तिला कसलीच घाई नव्हती.