आदिमातेची काठी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, जिने भरले, खिडक्यांच्या कठड्यांवरही माणसं टेकली. समोर व्यासपीठावर काचेच्या घुमटाखाली, निळ्या दिव्याच्या उजेडात, वीतभर लांबीचं एक तपकिरी हाड ठेवलेलं होतं, आणि त्यामागे पांढऱ्या रेशमात लपेटलेले आदिवंशी महाराज उभे होते.

महाराजांनी घुमट उचलला. हाड कपाळाला लावलं, ओठांना लावलं, छातीशी धरलं.

"सात हजार वर्षांपूर्वीचा आदिपुरुष! लोक म्हणाले, तुम्ही त्याच्याच वंशातले कशावरून? आम्ही म्हटलं, घ्या पुरावा! या हाडावरचा नमुना आणि आमची लाळ, दोन्ही मोठ्या प्रयोगशाळेत धाडली. उत्तर काय आलं?"

"एकच!" सभागृह गरजलं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

"दोन्ही नमुने एकाच माणसाचे! आम्ही आणि आदिपुरुष एकच! थेंबभर भेसळ नाही! विज्ञान आज आमच्या दारात चपला काढून उभं आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेत बसलेल्या आत्यांनी मात्र हसू दाबायला तोंडाला रुमाल लावला. पंचवीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. गुहांतून आणि थडग्यांतून निघालेल्या हाडांना बारीक भोक पाडायचं, चिमूटभर भुकटी काढायची आणि तिच्यातल्या डीएनएला विचारायचं, बाबा रे, तू कुठला, कुणाचा, कुणाबरोबर इथवर आलास? घरात मात्र त्यांच्या धंद्याबद्दल एवढंच माहीत होतं की आत्या हाडं उगाळते.

पण शेजारी बसलेल्या भाचीकडे नजर गेली आणि त्यांचं हसू विरलं. पोरीचे डोळे रडून सुजले होते. तिच्याच लग्नासाठी आत्या रजा काढून आल्या होत्या. मुलगा चष्म्यांचं दुकान चालवणारा, मनमिळाऊ, दोघांची पाच वर्षांची ओळख. सगळं ठरलं होतं. आणि मागच्या आठवड्यात महाराजांनी त्याच्या डोक्यावरून हाड फिरवून निकाल दिला, 'मिश्र रक्त! हे लग्न लावाल तर वंश बुडेल.' भाचीचे वडील, म्हणजे आत्यांचे दादा, पहिल्या रांगेत डोळे मिटून हात जोडून बसले होते. त्यांनी मुलाकडच्यांना नकार कळवायचं पक्कं केलं होतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातच जुंपली.

"दादा, तू आपल्या आईशी किती जुळतोस?"

"म्हणजे?"

"डीएनएने रे. निम्मा. निम्मा आईचा, निम्मा बाबांचा. आजीशी पाव. जितकं मागे जावं तितकं पातळ होत जातं. सात हजार वर्षांपूर्वीच्या पूर्वजाशी कुणी पुरता जुळेल कसा? पुरता जुळणारा माणूस जगात एकच, आपण स्वतः. फार तर आपलं एकसारखं जुळं भावंड."

"मग काय, एवढ्या मोठ्या प्रयोगशाळेने खोटं लिहिलं?"

"छे! अगदी खरं लिहिलं. दोन्ही नमुने एकाच माणसाचे, महाराजांचे. एक त्यांच्या तोंडातला आणि दुसरा त्यांनी रोज मुके घेऊन हाडावर फासलेला."

दादांनी तोंड वाकडं केलं. "तुला काय, सगळ्यातच खोट दिसते."

"अरे, यात भलेभले फसतात. आमचे सर एकदा चार हजार वर्षांपूर्वीच्या दातातून डीएनए मिळाला म्हणून प्रयोगशाळेभर नाचले. किती अखंड, किती सुरेख! निघाला त्यांचाच. सर्दी झालेली, आणि मास्क नाकाखाली. खरा जुना डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, जुन्या साडीसारखा, हात लावला की विरतो. म्हणून तर आम्ही नखशिखान्त झाकून घेऊन काम करतो."

"म्हणजे आमच्या सोवळ्याच्या वर झालं की हे!" वहिनी म्हणाल्या. आंघोळ करून देवापुढे दिवा लावल्याशिवाय त्या पाण्याचा थेंब घेत नसत. आवाज इतका मऊ की भांडणातही कुणाला तो टोचत नसे. पण आज त्या दादांकडे वळल्या. "अहो, मी तीस वर्षं दिवा लावते. देवाने मला कधी प्रयोगशाळेचा दाखला दाखवला नाही. यांनाच का लागतो?"

दादा चिडले. "बोलायला काय जातं? चारचौघांत सिद्ध करा! केलंत तर मी स्वतः मुलाच्या घरी जाईन. नाही तर या घरात या लग्नाचा विषय बंद."

"दिला शब्द?" आत्यांनी विचारलं.

"दिला!"

दादा निघून गेले. आत्या गालावर हात ठेवून विचार करत राहिल्या. काय द्यावं त्या माणसाच्या हातात? वहिनींनी कोपऱ्यातलं डुगडुगणारं स्टूल उलटं केलं आणि त्याचा एक पाय पिळून बाहेर काढला.

"वन्सं, हा चालेल? नाही तरी मेला सारखा निघतोच."

आत्यांनी हातमोजे चढवले, घरातल्या कुणाचा डीएनए उरू नये म्हणून ब्लीचच्या पाण्याने तो पाय घासघासून धुतला, वाळवला आणि कोऱ्या पिशवीत बंद केला.

पुढच्या सभेत त्या सरळ व्यासपीठावर गेल्या. "महाराज, मीही जुन्या वस्तूंतच आयुष्य घालवलं. ही वस्तू मी आणली आहे. ती काय आहे ते मी सांगणार नाही, तुम्हीच ओळखा. हाडाची करता तशीच रोज पूजा करा आणि मग तुमच्याच प्रयोगशाळेत नमुना पाठवा."

भरलेल्या सभागृहासमोर नाही म्हणायची सोय नव्हती. महाराजांनी स्टुलाचा पाय पिशवीतून काढला, डोळे मिटले आणि एकदम थरथरले.

"ओळखलं! आदिमातेची काठी! हिच्या आधाराने ती डोंगर उतरून आली!"

"जय हो!" लोक ओरडले. पुढच्या रांगेतून वहिनींचा खोकला ऐकू आला. त्यांना ठसकाच लागला होता.

रोज सकाळी काठी कपाळाला लागली, ओठांना लागली, छातीशी धरली गेली. महिन्याने प्रयोगशाळेचं उत्तर आलं आणि महाराजांनी खास सभा बोलावली. दादा पहिल्या रांगेत होते, चष्मेवालाही आईला घेऊन मागे येऊन उभा होता.

"पुन्हा एकच!" महाराज कडाडले. "काठीवरचा नमुना आणि आमची लाळ, एकाच माणसाची! आदिपुरुष आम्ही आणि आदिमाताही आम्हीच!"

तेवढ्यात वहिनी पदर सावरत उठल्या. दोन्ही हातांत उलटं स्टूल. त्यांनी ते व्यासपीठावर ठेवलं, महाराजांच्या हातातली काठी हळूच घेतली आणि रिकाम्या भोकात घालून पिळली. कर्र, कर्र, कर्र, घट्ट! सुलटं केल्यावर स्टूल चारी पायांवर उभं राहिलं.

"आमच्या स्वयंपाकघरातलं आहे," त्या नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाल्या. "बसा ना महाराज, दमला असाल."

सभागृहात कुणाला तरी हसू फुटलं आणि बघता बघता ते जिन्यापर्यंत पोचलं.

"आमच्या स्पर्शाने स्टूलसुद्धा..." महाराजांनी सुरुवात केली.

"अगदी बरोबर! स्पर्शानेच!" आत्या म्हणाल्या. "लाकडावर यांचा स्पर्श, हाडावरही यांचाच स्पर्श. प्रयोगशाळेने दोन्ही वेळा खरं सांगितलं. चूक होती ती यांनी लावलेल्या अर्थात."

मागून एक म्हातारे गृहस्थ ओरडले, "मग बाई, आमचं रक्त शुद्ध की नाही?"

"मुळीच नाही, आजोबा! तुमचं नाही, माझं नाही, कुणाचंच नाही. पंचवीस वर्षांत एकही माणूस मला भेसळीशिवाय सापडला नाही. कुणाची पणजी डोंगरापलीकडची, कुणाचा खापरपणजोबा समुद्रावरून आलेला. माणसं चालत राहिली, भेटत राहिली, लग्नं करत राहिली, म्हणून तर आपण सगळे इथे आहोत. भेसळ झाली नसती तर वंश बुडाला असता!"

गोंधळात महाराज मागच्या दाराने निसटले. काचेखालचं हाड तसंच राहिलं. ते खरंच कुणाचं, किती जुनं, हे कुणी त्याला अजून नीट विचारलंच नव्हतं. आत्यांनी ते कोऱ्या पिशवीत ठेवून दिलं.

दादा खुर्चीतून उठले. कान लाल झाले होते. गर्दीतून वाट काढत ते चष्मेवाल्याच्या आईपुढे जाऊन उभे राहिले.

"ताई, माझं चुकलं. मी तुमच्या घरी येणारच होतो, पण तुम्ही इथेच भेटलात. माझी लेक तुमच्या घरी द्यायची आहे. घ्याल?"

"अहो, घेणार म्हणजे काय! पोरगा महिनाभर धड जेवला नाही!"

चष्मेवाला लाजला. भाची आत्यांच्या गळ्यात पडली, मग आईच्या, मग रडत हसत वडिलांच्या.

चारपाच बायका वहिनींभोवती जमल्या. एकीने काळजीने विचारलं, "मग आता आम्ही हात जोडायचे तरी कुणापुढे?"

"जोडा की, जिथे मन शांत होतं तिथे जोडा. मी उद्याही जोडणार आहे," वहिनी म्हणाल्या. "पण कुणी उठून आपल्या लेकराच्या सुखाच्या आड आला, तर हात सोडायचे आणि आधी विचारायचं, हे तुम्हाला कसं कळलं? उत्तर नीट तपासून घ्यायचं. त्याने देव रागावत नाही हो. रागावतो तो ज्याला उत्तर देता येत नाही."