समोरचं हॉटेल

नळाने आधी उचकी दिली, मग फुर्र केलं. दुपारच्या निजानीज झालेल्या घरात तेवढाच आवाज. पाणी आल्याची चाहूल लागावी म्हणून मोरीतला नळ उघडा ठेवायची डोंबिवलीशेजारच्या कोपरमधल्या त्या बिल्डिंगमध्ये पद्धतच होती. नळ उचकला की घरोघरी बायका उठायच्या. वैशालीही उठली, नळाखाली बादली सरकवली आणि पुन्हा शिलाई मशीनपाशी येऊन बसली. मांडीवर कुणाची तरी मोरपंखी साडी, फॉल अर्धा लावलेला. साडीवर मोबाइल. मोबाइलमध्ये दोन हॉटेलं.

दोन्ही मकावची. चीनमधलं जुगाराचं शहर ते. एकेक हॉटेल म्हणजे अख्खं गाव. ही दोन एकाच रस्त्याच्या अल्याड-पल्याड होती. अल्याडच्यात तिचा नवरा प्रीतम नोकरीला होता, पल्याडचं त्याच्या बरोब्बर समोर. दिवाळी झाली की वैशाली, पहिलीतली सान्वी आणि सासूबाई विमलाबाई अशा तिघी त्याला भेटायला निघणार होत्या. विमान ठरलं होतं. उतरायचं कुठे ते ठरत नव्हतं, आणि त्याच्याही आधी कुठल्या हॉटेलचं मेंबर व्हायचं ते.

ही मेंबर व्हायची भानगड काढली खालच्या मजल्यावरच्या नीरजाने. ती ठाण्याला नौपाड्यात एका ट्रॅव्हल कंपनीत होती. आज रविवार, त्यामुळे ती वर आली ती केसांना मेंदी थापूनच.

"ठरलं का गं वैशू? मेंबरचा रेट आजच्या दिवसच आहे."

"दोन्हीकडे झालं तर नाही का चालणार?"

"अगं, फुकट आहे म्हणून काय शंभर ठिकाणी नाव घालशील. पण राहिल्याबद्दल मिळणारे पॉइंट एकाच जागी साचायला हवेत. इकडे थोडे तिकडे थोडे केलेस, तर ना इथला नाश्ता ना तिथला. एक धर आणि त्याचीच राहा."

आवाजाने आतल्या खोलीतून विमलाबाई उठून आल्या. पदर सारखा करत खुर्चीत बसल्या. "त्यात ठरवायचं काय? लेकाचं हॉटेल असताना माणूस समोरच्याच्यात उतरतं होय? लोक काय म्हणतील?"

"काकू, मकावमध्ये लोक कुठले?" नीरजा हसली.

"का? एवढ्या मोठ्या चीनमध्ये आमच्या राजापूरकडचं कुणीच नसेल? असतं तर हा प्रश्नच नव्हता गो. सरळ त्यांच्याकडे उतरलो असतो."

टीव्हीवरच्या फ्रेममध्ये प्रीतम टाय लावून उभा होता. हॉटेलच्या कोर्सच्या शेवटच्या दिवशी काढलेला फोटो. विमलाबाईंनी दिवा स्टेशनाजवळच्या एका खोलीत संसार केला, डोंबिवलीतल्या बिल्डिंगा बिल्डिंगांतून लोकांची धुणीभांडी केली आणि त्या फोटोपर्यंत त्याला आणून सोडलं. "माझा प्रीतम काउंटरवर असतो," हे वाक्य त्या भाजीवाल्यालाही ऐकवायच्या, आणि मग भाव न करता भाजी घ्यायच्या.

नीरजाने मोबाइल ओढून घेतला. "हे बघ, काकूंचंच बरोबर आहे. प्रीतमच्या हॉटेलच्या मेंबरला लहान मुलांचा नाश्ता फुकट. खोलीतून रोषणाई दिसते. समोरच्यात नुसती उशी निवडायला मिळते. मऊ, कडक की मध्यम?"

"स्वच्छ म्हणावं," विमलाबाई म्हणाल्या.

"आणि हे काय आहे?" वैशालीने खालच्या चौकोनाकडे बोट दाखवत विचारलं.

"ते होय? रोज खोली साफ करायला माणूस नको असं सांगितलं, तर त्याचे वरचे पॉइंट मिळतात."

"म्हणजे आपली खोली आपण झाडायची, त्याचे पॉइंट?" विमलाबाईंनी गालाला हात लावला. "अगो बाई! मग आजवरचे माझे किती झाले असतील? मला तर आख्खं हॉटेल लिहून द्यायला पाहिजे त्यांनी."

"आणि काकू, जुगार खेळलात तर त्याचेही मिळतात!"

"खेळते मी. पाच तीन दोन. आहे म्हणावं का तिथे?"

नीरजा हसत हसत मेंदी धुवायला गेली. जाताना बजावून गेली, "आज कर हं. उद्या मला फोन करून रडू नकोस."

वैशालीने सुई हातात घेतली. सासूबाईंचंच म्हणणं मान्य करायचं तर दोन बोटं फिरवायची होती मोबाइलवर. तीच फिरत नव्हती.

गेल्या आठवड्यात सान्वी रुसली होती. बाबा दिवाळीला येत नाहीत म्हणून फोनवर यायलाच तयार नव्हती. पलीकडून प्रीतमने किती नकला केल्या, काही उपयोग नाही. मग तो म्हणाला, "थांब, गंमत बघ." फोन कशाला तरी टेकवला, बाजूचा पांढराशुभ्र टॉवेल ओढला, दोन्हीकडून गुंडाळत आणला, एक मुरड घातली आणि हंस उभा केला. लगेच दुसरा. दोघांच्या चोची एकमेकांना टेकवल्या. हाताकडे न बघता, सान्वीकडे बघत. सान्वी टाळ्या पिटत होती, आणि वैशालीला त्याच्या मागची ढकलगाडी दिसत होती. साबणाच्या वड्या, गुंडाळलेल्या चादरी, कडेला अडकवलेला ब्रश. तिची नजर कुठे गेली ते त्यालाही कळलं असावं. त्याने फोन चटकन भिंतीकडे फिरवला. "ब्रेक संपला," म्हणाला.

"बाबांनी हंस केला!" सान्वी घरभर नाचली.

"काउंटरवर गिऱ्हाईक नसेल तेव्हा," विमलाबाई वाती वळता वळता म्हणाल्या होत्या.

काम वाईट, असं वैशालीच्या मनातही आलं नाही. ती स्वतः दुसऱ्यांच्या साड्यांच्या कडा शिवत होती. पण तो सांगू शकला नव्हता, इतक्या दिवसांत एकदाही नाही, हे तिला सुईसारखं टोचत होतं. आणि आता त्या तिघी त्याच्याच हॉटेलात उतरल्या तर? एखाद्या सकाळी दारावर टकटक होईल, आई कॉटवर पाय सोडून बसलेली असेल, आणि दारात ढकलगाडी घेऊन हा. किंवा तसं होऊ नये म्हणून चार दिवस स्वतःच्याच हॉटेलात चोरासारखा मजले चुकवत फिरेल. भेटायला जायचं ते याच्यासाठी?

फोन वाजला. प्रीतमच होता. एरवी फोन हिसकावून घेणाऱ्या विमलाबाई आज म्हणाल्या, "बोल तू. मला गुडघ्याला तेल लावायचंय," आणि तेलाची बाटली घेऊन खिडकीकडे तोंड करून बसल्या.

"झालं का बुकिंग?" त्याने विचारलं.

"तेच बघतेय. आई म्हणतायत तुझ्याच हॉटेलात."

तो म्हणाला, "हो, मग... घे ना. आईची इच्छा आहे तर. छान आहे इकडे. मी सांगून ठेवतो." आणि लगेच, "मजला कितवा देतायत? म्हणजे... वरचे बरे असतात. व्ह्यू."

'मी सांगून ठेवतो' म्हणताना त्याचा आवाज कोर्सला जायच्या वयाचा झाला होता. वैशालीला एकदम त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

"अरे, पण घोळ झालाय," ती म्हणाली. "तुमच्याकडे मुलांचा नाश्ता धरत नाहीत. समोरच्या मेंबरना फुकट आहे. सान्वी सकाळी किती खाते माहितीये ना तुला? मी समोरचंच घेते. तू ड्युटी संपली की यायचं आमच्याकडे. पाहुणा म्हणून. बेल वाजवून."

"धरत नाहीत का?" तो म्हणाला. धरतात, हे त्याला माहीत होतंच. इतका वेळ रोखलेला श्वास फोनमधून इथवर ऐकू आला. "हां... बदललं असेल. समोरचंच घे मग. ते पण भारी आहे. उशा मस्त आहेत त्यांच्या."

"तुला रे काय माहीत त्यांच्या उशा?"

"ऐकून आहे!" तो मोकळा हसला. कितीतरी दिवसांनी.

फोन ठेवून ती वळली. सासूबाईंना आता काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत तिने तोंड उघडलं, "आई, ते नाश्त्याचं..."

"नाश्ता त्याच्याकडे फुकट आहे. आत्ता नीरजाने वाचलं, मी काय बहिरी नाही." विमलाबाई गुडघा चोळत राहिल्या. "बरं केलंस. समोरचंच घे."

वैशालीने मोबाइल साडीवर ठेवला.

"गणपतीला आला होता, तेव्हा बोटं बघितली होतीस त्याची? नखांच्या कडेची साल गेलेली. माझी जायची तश्शी. टाय बांधून बोटांची साल जात नाही गो."

"मग तुम्ही बोलला नाहीत ते?"

"तू बोललीस?"

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. हसू लांबलं नाही. विमलाबाईंनी तेलाचा हात पदराला पुसला. "नीरजासमोर मी दुसरं काय बोलणार होते? त्याला सांगायचं तेव्हा सांगेल तो. तोवर काउंटरवर आहे. काय?"

"हो. काउंटरवर."

वैशालीने समोरच्या हॉटेलात नाव घातलं. उशी मध्यम. मग तो खोली साफ करायच्या माणसाचा चौकोन आला. तिचं बोट घुटमळलं. "आई, इथे खूण करू? पॉइंट मिळतील."

"नको. येऊ दे त्याला," विमलाबाई म्हणाल्या. "घरापासून लांब आलेलं असेल कुणाचं पोर. बेसनाचे लाडू थोडे जास्त करू. आपल्या दारात आलेला रिकाम्या हाताने कसा जाईल?"

चौकोन रिकामा ठेवून तिने पुढचं बटण दाबलं. मोबाइलने अभिनंदन केलं.

सान्वी डोळे चोळत बाहेर आली आणि मोरपंखी साडीसकट आईच्या मांडीत घुसली. "आपण बाबांच्या हॉटेलात झोपायचं ना?"

"नाही राणी. समोरच्या. बाबा येतील आपल्याकडे."

"समोरच्यात पण हंस असतो?"

"असेल की. कॉटवर ठेवतात."

मोरीत बादली भरून वाहायला लागली होती. एरवी त्या आवाजाला दोघी धावल्या असत्या. आज कुणीच उठलं नाही. सान्वीने साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मग मान वर करून तिने विचारलं,

"मग आपला हंस कुणाचे बाबा करणार?"