हलका हात

"आधी हात ओले करा, वकीलसाहेब! कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. मग आज ना उद्या मरतोच मासा."

"मामा, लग्नातसुद्धा इतकं कुणी बजावलं नव्हतं हो," वकील हसले, पण त्यांनी मुकाट्याने हात बुडवले.

या तळ्याचा नियमच तसा होता. गळाला लागलेला मासा परत पाण्यात सोडायचा. सोडायचं काम मामांचं. दमलेल्या माशाला पाण्यातच सरळ धरायचं, एक हात शेपटीशी, दुसरा पोटाखाली. ढकलायचं नाही. त्याच्यात जोर आला की बोटांना कळतं, तेव्हा हात उघडायचा. मामांचा हात हलका, असं सगळे म्हणत.

पण गेल्या काही महिन्यांत रक्तातल्या साखरेने त्यांची बोटं बधिर केली होती. हे फक्त मामींना ठाऊक होतं. तळ्याच्या मालकाला कळलं असतं, तर त्याने मामांना घरी बसवलं असतं. आणि घरी बसून हा माणूस करणार काय?

आज गळाला आजी लागली होती. फाटक्या ओठाची, तळ्यातली सर्वांत जुनी मासोळी. मामांनी चिमट्याने गळ काढला आणि तिला पाण्यात धरलं.

"शेपटी मारतेय की. सोडा आता."

"थांबा हो. अजून जोर आलेला नाही."

"अहो मामा, केवढं आवळलंय तिला!"

मामांनी खाली पाहिलं. त्यांचीच बोटं तिच्या पोटात रुतली होती. त्यांनी झटकन हात उघडले. आजी कलंडली. त्यांनी तिला तळव्यांवर सरळ केलं, ती पुन्हा कलंडली. कितीतरी वेळ ते गुडघाभर पाण्यात तसेच वाकून राहिले. शेवटी पांढरं पोट वर आलं.

"म्हातारी झाली होती हो," वकील हळूच म्हणाले.

"हो," मामा म्हणाले.

घरी मामी मटार सोलत बसल्या होत्या. "आज लवकर?"

"आजी गेली."

"अगं बाई! कुणाच्या हातून?"

मामा मामींजवळ बसले आणि त्यांचं मनगट खालून हातात घेतलं, मासा घ्यावा तसं.

"हलकं धरलंय ना?"

मामींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "हलकंच आहे की."

"दुखलं तर सांग."

"न सांगायला काय झालं? जन्मात कधी गप्प बसलेय का मी?"

बराच वेळ दोघं तशीच बसून राहिली. अंधारून आलं तेव्हा दिवा लावायला मामांनी हात सोडला. उजेड पडला. मामींच्या मनगटावर चार बोटांचे वळ उमटले होते.

मामींनी तो हात मटारच्या टोपलीखाली सरकवला.